राजकन्येच्या हाती सुकाणू

धाकटी त्या दिवशी कप्तान होणार होती, आणि सकाळीच तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

अजस्र जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी टग बोट, तिचं सुकाणू त्या बंदरात आजवर कुठल्या बाईच्या हाती गेलं नव्हतं. ते आज धाकटीच्या हाती येणार होतं. बंदराची रीत अशी, की नव्या कप्तानानं पहिल्या फेरीआधी सगळ्यांसमोर सांगायचं, पाण्याची ओढ आपल्याला कुणी लावली. कुणी बापाचं नाव घेई, कुणी काकाचं. धाकटीनं कधीचं छाती ठोकून सांगून ठेवलं होतं, "माझ्या धुक्यातल्या राजकन्येनं! तिच्या पुस्तकातलं पानच वाचून दाखवते की नाही बघा."

लहानपणी ताई तिला ती कादंबरी वाचून दाखवायची. समुद्रावर धुक्याचा राक्षस ठाण मांडून बसलाय, राजपुत्र घाबरून गलबताच्या तळाशी दडलाय, आणि राजकन्या सुकाणू धरून थेट राक्षसाच्या जबड्यात शिरतेय! पुढे पुस्तक ताईबरोबर तिच्या सासरी गेलं. धाकटीला ते तोंडपाठ होतं, त्यामुळे उघडून बघायची गरजच पडली नाही. आता मागितलं तेव्हा ताईनं बरेच आढेवेढे घेतले, पण दिलं एकदाचं.

आणि आज वाचायला घ्यावं, तर राजकन्या पहिल्या पानापासून काचेच्या खोलीत झोपलेली. ढाराढूर! सुकाणू राजपुत्राच्या हाती, राक्षस मारला राजपुत्रानं, आणि बाईसाहेबांना जाग आली ती थेट लग्नाच्या दिवशी.

धाकटी तडक ताईच्या शिवणाच्या दुकानात गेली. "ताई, हे काय आहे?"

ताईनं मशीनसुद्धा थांबवलं नाही. "काय असणार? ती झोपली की तू भोकाड पसरायचीस. 'उठव तिला, उठव तिला!' मग उठवली."

"आणि सुकाणू?"

"उठून काय करणार मग ती? नुसती बसून राहणार?" ताईनं दातानं दोरा तोडला. "कपडा अंगाला घट्ट झाला तर मी कपडा उसवते बाई, पोरीला नाही कापत. पण आता चारचौघांत माझी ती लबाडी काढू नकोस. हसतील तुला."

धाकटीला खरं तर राग यायला हवा होता. आला नाही. जिच्या जोरावर आपण वादळांत शिरलो, तिला झोपेतून उठवणारी ही, चष्मा नाकावर घसरलेली आपली ताई! धाकटीचा ऊर भरून आला. एवढा अभिमान तिला स्वतःचाही कधी वाटला नव्हता.

"ऊठ," ती म्हणाली. "आज तूच वाचायचंस."

धक्क्यावर सगळे जमले होते. धाकटीनं ताईचं नाव घेतलं आणि पुस्तक तिच्या हाती दिलं. ताईनं घसरलेला चष्मा वर सरकवला. ती वाचायला लागली मात्र, राजकन्या पहिल्याच वाक्यात डोळे चोळत उठून उभी राहिली. ताई पानंही अगदी वेळेवर उलटत होती.

शेजारी उभ्या असलेल्या बंदराच्या साहेबांनी मान वाकवून पुस्तकात डोकावलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "कप्तान," ते हळूच धाकटीला म्हणाले, "यात तर भलतंच लिहिलंय."

"ती बरोबर वाचतेय, साहेब," धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चूक छापणाऱ्याची आहे."