चार श्वासांचा विराम

जुमानाने तिसऱ्यांदा पुढच्या खुर्चीला लाथ मारली, तेव्हा वहबींनी तिचा गुडघा हळूच दाबून धरला.

“गिद्दो, आता ती येणार ना? मीठवाली?” आपल्या आजोबांच्या कानाशी लागून तिने विचारलं.

“येईल. गप्प बस जरा.”

अलेक्झांड्रियातल्या या नाट्यगृहात वहबींनी तीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं होतं. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा होता. त्यात बसून, डोकं तेवढं वर काढून ते नटांना शब्द देत. आता खड्डा बुजवून तिथे दिवे बसवले होते. पंधरा वर्षांनी ‘मीठवाली’ हे संगीत नाटक पुन्हा लागलं होतं, फक्त पाच प्रयोगांसाठी, आणि त्यात मीठवालीचं काम पुन्हा दौलत हानमच करणार होत्या. आठ वर्षांच्या जुमानाला सगळी गाणी पाठ होती. दाढी करताना, भांडी विसळताना आजोबा दुसरं काही गातच नसत.

दौलत हानम आल्या. अंगाने भरल्या होत्या, पण आवाज तोच. टाळ्या थांबेनात. वहबी मात्र दिव्यांच्या त्या रांगेकडे बघत होते. या बाईंना आता शब्द कोण देणार?

पहिल्या अंकाच्या शेवटी मीठवाली किनाऱ्यावर एकटी उभी राहते. दौलत हानमनी सूर लावला, “समुद्रा, एकच मागणं आहे तुझ्याकडे...” आणि त्या थांबल्या. वाद्यंही थांबली. हा विराम सगळ्या शहराला माहीत होता. त्यावर वर्तमानपत्रांत लेख आले होते. लोक श्वास रोखून बसले.

वहबी मोजत होते. चार श्वास, नेहमी चारच. पाच झाले. सहा. दौलत हानमचा डावा हात घागऱ्याची कड चुरगाळू लागला. सात. वहबी खुर्चीत पुढे सरकले, ओठ उघडले. तिसऱ्या रांगेतून बोललं तर सगळ्यांना ऐकू जाईल. आठ.

“माझं मीठ मला परत दे!” जुमाना खणखणीत आवाजात म्हणाली.

नाट्यगृहभर कुजबुज उठली. दौलत हानमनी अंधारात एकवार नजर टाकली आणि ती ओळ उचलली. अशी उचलली, की कुजबुज जागच्या जागी विरली.

पडदा पडताच मागच्या रांगेतली बाई पुढे वाकली. “अहो हाजी, पोरीला जरा शिस्त लावा! त्या विरामासाठी तर माणसं येतात इथे. सगळा विचका केला हिने.”

“माफ करा,” वहबी खाली मान घालून म्हणाले. “लहान आहे.”

मध्यंतरात बाहेरच्या पायऱ्यांवर त्यांनी तिला भाजलेल्या बियांची पुडी घेऊन दिली. तिने ती उघडलीसुद्धा नाही.

“मी शब्द चुकीचे सांगितले?”

“नाही. बरोबर होते.”

“मग तुम्ही माफी का मागितली?” तिचे डोळे भरून आले. “त्या विसरल्या होत्या, गिद्दो. मला कळलं होतं.”

वहबी तिच्या शेजारी पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले. इकडे तिकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“त्या नेहमीच विसरायच्या. पहिल्या प्रयोगापासून. त्या एका ओळीला दर वेळी कोऱ्या व्हायच्या. मी खालून शब्द द्यायचो. तेवढ्या वेळाला लोक विराम म्हणायला लागले.”

जुमाना त्यांच्या आणखी जवळ सरकली. “हे कुणाकुणाला माहितीये?”

“त्यांना आणि मला.”

“तेताला पण नाही सांगितलंत?”

“तुझ्या आजीला? तिला सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या आत अख्ख्या गल्लीला कळलं असतं.”

ती हसली, आणि तिने नाक पुसलं.

तेवढ्यात तीच बाई नवऱ्यासोबत पायऱ्या उतरत आली. जुमानाला पाहून थबकली. “हीच बघा ती, आगाऊ भवानी. काय गं, दौलत हानमना शिकवायला निघालीस?”

जुमानाचे खांदे आक्रसले. वहबी कठडा धरून उठले. इतकी वर्षं जपलेली गोष्ट, पण या पोरीने का म्हणून ऐकून घ्यायचं?

“बाई,” ते म्हणाले, “खरं सांगायचं तर त्या—”

“माझंच चुकलं, मावशी,” जुमाना मध्येच म्हणाली. “मला वाटलं, त्या विसरल्या. मला कुठे माहीत होतं, तिथे थांबायचं असतं ते?”

बाईचा चेहरा निवळला. “अगं वेडे, एवढी मोठी कलावंत कधी विसरते का?” तिने जुमानाचा गाल ओढला आणि ती पुढे गेली.

वहबींनी खिशातून रुमाल काढला आणि उगाचच चष्मा पुसला.

घंटा झाली. जुमानाने त्यांचा हात धरला. गर्दीतून आत जाताना तिने त्यांना खाली ओढलं आणि त्यांच्या कानात विचारलं,

“दुसऱ्या अंकात कुठे कुठे विसरतात?”