माझ्या काचेवर फुटलेलं खापर

“आगं बया! एवढीशी? ही तर सुपारीची डबी हाय!”

मित्रांनो, मी गेवराईत आले त्या दिवशी माझ्याबद्दल उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. पस्तीस वर्षं उलटली, तरी तो आवाज माझ्या पितळी आट्यांमध्ये अजून घुमतो. आवाज होता जगदेवीचा. तिने मला तळहातावर घेतलं, हलकी फुंकर मारली आणि माझ्या काचेत आपलं इवलंसं रूप पाहून ती खळखळून हसली.

मी एक जुनी लेन्स आहे. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसणारी, रुंद नजरेची. तुम्ही खोलीच्या कोपऱ्यात उभे राहिलात, तरी समोरची भिंत, दोन्ही बाजूंच्या खिडक्या, वरचा पंखा आणि खालची चटई असं सगळं मी एका घासात घेते. माझ्यात मोटर नाही, बॅटरी नाही. कमरेभोवती एक कडी आहे, तिच्यावर मीटरचे आकडे कोरलेले आहेत. समोरचा माणूस किती लांब आहे हे ओळखायचं आणि कडी त्या आकड्यावर आणायची. अंदाज चुकला की चित्र धूसर. म्हणजे मी आपणहून काहीच ठरवत नाही. हे नीट लक्षात ठेवा. कारण मी जे कधी केलंच नाही, त्याचा आळ माझ्या डोक्यावर एकोणीस वर्षं ठेवला गेला, आणि तो आठवला की माझी काच अजून तापते.

मला आणलं केदारनाथने. औरंगाबादच्या एका दुरुस्तीवाल्याकडून, रुमालात गुंडाळून. त्याचं घराणं कापडाचं. थोरला भाऊ शिवलिंगप्पा, ज्याला सगळे अण्णा म्हणत, दुकानाच्या गादीवर बसे. मधली बहीण जगदेवी. केदार सगळ्यांत धाकटा. त्याने दुकानाच्या माडीवर फोटो स्टुडिओ काढला होता. लग्नामुंजीला त्याच्याकडे मोठ्या, वजनदार लेन्स होत्या. मी होते रोजची. सदऱ्याच्या खिशात मावणारी.

आणि काय हात होता त्याचा! लहानपणापासून लोखंडी मीटरने कापड मोजलेलं. अंतर त्याच्या नजरेत मुरलेलं; एक ब्लाउजपीस म्हणजे त्याच्या हिशोबी एक मीटर. बाजारात फिरताना तो कॅमेरा डोळ्याला लावतच नसे.

“तो भाजीवाला दीड ब्लाउजपीसवर हाय,” असं पुटपुटून माझी कडी दीड मीटरवर आणायचा आणि छातीवरूनच खटका दाबायचा. चित्र असं स्वच्छ, की भाजीवाल्याच्या मिशीतला तंबाखूचा कणही मोजून घ्यावा.

महामार्गाकडेला आरशाचा तुकडा झाडाला टांगून दाढी करणारे ट्रकवाले, उन्हात वाळत घातलेल्या सांडग्यांवर राखण करणारी आजी, पोळ्याला शिंगं रंगवून घेताना डोळे मिटणारा बैल. कुणी मुद्दाम नटून उभं राहिलेलं नाही. असं रोजचं जगणं टिपायला माझ्यासारखी लहान आणि मुकाट लेन्सच लागते, मित्रांनो. मोठी लेन्स पाहिली की माणूस पदर सावरतो. मला पाहून कुणी काही सावरत नसे.

मग जगदेवीने लग्न केलं. आपल्या मर्जीने. पालीचा भागवत, मेंढरं राखणारा. गावाजवळच्या धरणाच्या कडेने त्याचा कळप चरे, आणि तो दर महिन्याला घोंगड्या विकायला गेवराईला येई. घरात काय वादळ झालं ते मी कपाटात बसून ऐकलं. शेवटी अण्णा म्हणाले, “वर्साला एक डाव येऊ दे. भाऊबीजंला. जेवून जाऊ दे. त्याच्या म्होरं न्हाई.”

आता रीत अशी, की भाऊबीजेला भावाने बहिणीच्या दारी जायचं. इथे उलटं. कुणी भाऊ पालीला गेला नाही. ती यायची. एसटीने बीड, बीडहून गेवराई. डोक्यावर टोपल्यात मेंढीच्या दुधाचा खरवस. येऊन दोघा भावांना पाटावर बसवायची, कपाळाला विभूती, तिच्यावर कुंकू, आणि निरांजन फिरवताना गुणगुणायची:

ओवाळिते भाऊराया, निरांजनी दोन वाती
एक वात माहेराची, एक पालीची गं माती

त्यानंतर दुकानासमोर सगळ्या घराचा फोटो. मधोमध अण्णा, भोवती वहिनी, पोरं, नोकर. आणि जगदेवी? “तू तकडं हो जरा,” असं अण्णा न बघता म्हणायचे. ती सरकत सरकत पार उजव्या टोकाला, कापडाच्या गाठोड्यांशेजारी. केदार कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, माझी कडी अडीच मीटरवर आणून, खटक्याला टायमर लावून, स्वतः धावत जाऊन उभा राहायचा.

मी प्रत्येक वेळी तिला घेतलं. पूर्ण घेतलं. नाकातल्या चमकीसकट.

आता खरं ते सांगते, लपवत नाही. माझ्यासारख्या रुंद नजरेच्या लेन्समध्ये अगदी कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा थोडा ताणला जातो. काचेचा तो स्वभाव आहे. पण म्हणून काय झालं? दोन पावलं मागे सरकायचं आणि माणसाला आत घ्यायचं, की ताण गेला. नाहीतर मधे बोलवायचं. एवढं शेंबड्या पोराला कळेल. बाजारात म्हशींना मधोमध घेणाऱ्या केदारनाथला कळत नव्हतं?

कळत होतं. म्हणूनच तर मला राग येतो.

आठ-दहा दिवसांनी बीडहून फोटो धुऊन यायचे. केदार माडीवर एकटा बसायचा. मोठा फोटो टेबलावर ठेवायचा, पट्टी लावायचा, आणि कात्री. कर्र. उजवीकडची चार बोटांची पट्टी खाली पडायची. पासपोर्ट फोटोंच्या कतरणांत मिसळायची. सकाळी केरसुणीने सगळं एकत्र सुपलीत. उरलेला फोटो चौकटीत घालून दुकानात लागायचा, येणाऱ्या सोयऱ्यांनी बघावं म्हणून. त्यात दुकानातला नोकर होता, बोळातलं कुत्रंही होतं. ओवाळणारी बहीण नव्हती.

पहिल्या वर्षीच्या फोटोबद्दल तिने विचारलंच. पुढच्या भाऊबीजेला आली, चौकटीसमोर उभी राहिली, आणि म्हणाली, “केदार, मी कुटं गेले रं?”

केदारनाथ माझ्याकडे बघत म्हणाला, “आक्का, ह्या लेन्सचा दोष हाय. कडंचा माणूस बिघडवती. तुझं तोंड पार वाकडं आलतं. म्हणून...”

“हात्तिच्या! म्हंजी तुझ्या डबीला मी आवडत न्हाई म्हण की!” ती हसली. पण या वेळचं हसू खळखळून नव्हतं.

मित्रांनो, माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं? तुमच्या नावावर कुणी असं खोटं खपवलं असतं, तर तुम्ही ओरडला असतात, पाय आपटले असतात. मला तोंड नाही. मला फक्त डोळा आहे. ज्या डोळ्याने मी तिला जपून आत घेतलं, त्याच डोळ्यावर तिला बाहेर काढल्याचं खापर!

आणि हे एकदा नाही. दर वर्षी. लेन्स जुनी हाय. लेन्सला बुरशी धरलीय. लेन्स कडंला मार खाती. नवनवीन दोष माझ्या अंगावर चिकटवायचा. तीही दर वर्षी “बरं बाबा” म्हणायची. हळूहळू मात्र तिच्या मनात दुसरंच काही बसलं. ते माझ्याबद्दल नव्हतं. आपणच कडेला उभं राहून फोटो नासवतो, असं तिला वाटू लागलं. पुढे रीळ बंद झालं, हातोहाती फोन आले, तोवर ती कुणी न सांगता चौकटीबाहेर उभी राहायला शिकली होती. “घ्या तुमचा तुमी. मी खरवस वाढते.” हे मी कपाटाच्या फटीतून ऐकलं आहे.

हो, कपाटातून. कारण मलाही बाजूला टाकलं होतं. बारा वर्षं अंधारात. मग मात्र खरोखरच काठाला बुरशीचं जाळं धरलं. खोटं बोललं गेलं, आणि मग ते खरं होईपर्यंत मला कोंडून ठेवलं.

मला बाहेर काढलं केदारनाथच्या मुलीने, शिवांजलीने. आता स्टुडिओ तीच चालवते. तिने माझी काच पुसून घेतली, एक जोडकडं मागवून मला आजच्या कॅमेऱ्यावर बसवलं, आणि पर्समध्ये टाकून रोज फिरवायला लागली. पहिल्या महिन्यात सगळे फोटो धूसर.

बाप म्हणाला, “पडद्यावर काय बघत बसतीस? नजरंनं कापड मोज. म्होरची बाई दोन ब्लाउजपीसवर हाय का न्हाई?”

“पप्पा, आजकाल लोक ब्लाउजपीस कापून घेत न्हाईत, तयार ब्लाउज घेतात!”

“मग तयार फोटो घे फोनवर. हिला कावून छळतीस?”

पण पोरगी जिद्दीची. शिकली.

या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या निगेटिव्ह सापडल्या. केदारनाथने फोटो कापले, पण निगेटिव्ह कापायला त्याचा जीव झाला नव्हता. खिडकीच्या उजेडात धरून तिने फोनवर रंग उलटवून एकेक बघितली. एकोणीस भाऊबीजा. एकोणीसही चित्रांत उजव्या काठावर आत्या. चेहरा जरासा ताणलेला, पण डोळे स्वच्छ. कुठल्याही चित्रात तिची नजर कॅमेऱ्याकडे नव्हती. ती मधे बसलेल्या भावांकडे बघत होती.

“पप्पा, आत्याचा तुमच्यासंगं एक बी फोटो न्हाई, असं ती म्हणती. हितं तर एकोणीस हायत. कापले कुणी?”

केदारनाथने मला टेबलावरून उचललं, उगाच कडी फिरवली. “ती लेन्स पयल्यापासून...”

“लेन्स चांगली हाय, पप्पा. मी रोज वापरती.”

तो उठून खाली दुकानात गेला. जेवायलासुद्धा वर आला नाही. आणि मी तिथे टेबलावर, संतापाने तापलेली. साठी ओलांडलेला माणूस, अण्णांना जाऊन दोन वर्षं झालेली, आता भिण्यासारखं कुणी उरलेलं नाही, तरी अजून माझ्याच आडून बोलतो!

मित्रांनो, तुम्हाला माझं सांगणं थोडकं आहे. लेन्स अंधारात कोंडू नका, तिला अधूनमधून उजेड दाखवा. सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, मऊ कापड वापरा. आणि तुमच्या मनात कुणाला कापायचं असेल, तर ते आपल्या तोंडाने म्हणा. वस्तूला पुढे करू नका. वस्तू मुकी असते म्हणून तिचं नाव स्वस्त नसतं.

भाऊबीजेला शिवांजलीने गाडी काढली. “आज आत्यानं यायचं न्हाई. आज तुमी जायचं, पप्पा.” केदारनाथने टोपी घातली. मी पुढच्या सीटवर.

पालीत भागवत अंगणात घोंगडीवर बसला होता. लगेच उठला नाही. “या, पाव्हणं! वाट घावली म्हणायची. लई लांब हाय का गेवराई?”

“तसं न्हाई, भाऊजी...”

“एसटीला तीनच तास लागतात. आमच्या हिला इचारा.” एवढं बोलून मग तो उठला, आणि स्वतः पाट आणून मांडला.

जगदेवी आतून आली. केस पांढरे, चमकी तीच. भावाला आपल्या अंगणात बघून तिने हातातलं ताट खाली ठेवलं. तिने पाणी दिलं, विभूती लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. या वेळी मात्र गुणगुणली नाही.

“आत्या, आता पप्पांजवळ बस,” शिवांजलीने मला डोळ्याला लावलं. माझी कडी दोन मीटरवर आली. मी दोघांनाही मधोमध धरलं. कडेला फक्त भिंत होती.

आणि जगदेवी उठली. पदर सावरत भिंतीकडे सरकली. “नगं गं, पोरी. त्याचा एकट्याचा काढ. माझ्यानं उगं फोटू नासतो.”

शिवांजलीचं बोट खटक्यावर थांबलं. केदारनाथने मान खाली घातली होती. त्याने ती वर केली, तेव्हा कपाळावरचं ओलं कुंकू घामाने नाकावर ओघळत होतं.

“आक्का,” तो म्हणाला, “लेन्सचा काय बी दोष न्हवता. तू दर साली नीटच आलीस. अण्णा म्हणले, सोयऱ्यांच्या नजरंला नगं, आन् मी न्हाई म्हणलो न्हाई. तू ह्या कपाळाला कुंकू लावून जायचीस, आन् धा दिवसांनी कात्री घिऊन मीच बसायचो.”