दार भिंतीकडे

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गरम पाण्याचा टब क्रेनच्या पट्ट्यात लटकून घराच्या कौलांवरून मागच्या अंगणात उतरला. अकरा मिनिटं लागली. कौल एकही फुटलं नाही. क्रेनवाल्यानं पट्टे सोडवले, पाणी प्यायलं आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. त्याची पुढची मोकळी तारीख गुरुवारची होती. ही गोष्ट त्या वेळी कुणी विचारली नाही.

टब ज्यांच्यासाठी आला त्या बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उंच खुर्चीवर बसून बघत होत्या. एकतीस वर्षं त्यांनी शहराच्या जलतरण तलावात मुलांना पोहायला शिकवलं. सारा गाव त्यांना बाई म्हणतो, नवराही चारचौघांत बाईच म्हणतो. चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्या पाण्यात उतरलेल्या नाहीत. डाव्या पायाची हालचाल अर्धीच परत आली. डॉक्टरांनी शेवटचा उपाय सांगितला होता: येत्या सोमवारपासून रोज पंधरा मिनिटं छत्तीस अंशांच्या पाण्यात व्यायाम, आणि बेचाळीस दिवसांनी तपासणी. तोवर पाय ठरावीक उंचीपर्यंत उचलला गेला तर ठीक, नाही तर दुसरं ऑपरेशन. तपासणीची तारीख मिळाली होती आणि ती हलणार नव्हती. शहराचा तलाव दुरुस्तीसाठी बंद होता. म्हणजे बेचाळीस दिवस होते आणि त्यांतला एकही फुकट घालवायला नव्हता.

टब बसवण्याचं काम नवऱ्यानं अंगावर घेतलं. ते नाटकांचे सेट उभारणारे सुतार, चौतीस वर्षांची नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे सेटकाका म्हणतात. अंधारात चाळीस सेकंदांत राजवाड्याचं जंगल करून देणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. वाईट एवढंच की सेटला मागची बाजू असते आणि ती कुणी बघत नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं.

पहिला खटका महिन्यापूर्वीच उडाला होता. काकांना टबाखाली लाकडी चौथरा करायचा होता. सुनेनं नाही म्हटलं. सून परवानाधारक इलेक्ट्रिशियन, बारा मिनिटांच्या अंतरावर राहणारी, बोलायला मऊ आणि कामात कडक. तिनं कागदावर हिशेब मांडला: रिकामा टब दोनशे ऐंशी किलो, पाणी हजार लिटर, वर माणसं. दीड टनाच्या आसपास. काका म्हणाले, त्यांच्या चौथऱ्यावर बत्तीस जणांचं सैन्य नाचलं आहे. सून म्हणाली, बाबा, तुमचं सैन्य तीन तासांनी घरी जायचं, पाणी तिथंच राहणार आहे. बाई हसल्या आणि विषय संपला. काँक्रीटचा कोबा घातला, अठ्ठावीस दिवस मुरू दिला, लेव्हलची बाटली ठेवून चारही कोपरे तपासले. सुनेनं जमिनीखालून पाइपातून वायर आणली. विजेची गळती झाली तर क्षणात बंद पडणारा वेगळा ब्रेकर बसवला. बंद करायचं मोठं बटण टबापासून दोन मीटर लांब भिंतीवर लावलं, म्हणजे पाण्यात बसलेल्या माणसाचा हात तिथं पोचणार नाही आणि बाहेरच्या माणसाला ते लगेच सापडेल. उरलं होतं ते फक्त टब येणं आणि वायर आत जोडणं. त्यासाठी ती शनिवारी साडेदहाला येणार होती.

काकांना साडेदहापर्यंत दम धरवला नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पाणी तापायला सात तास लागतात हे त्यांनी माहितीपुस्तकात वाचलं होतं. त्याच्या आधीची चार पानं वाचली नव्हती. क्रेन जाताच त्यांनी नळी सोडली.

सून आली तेव्हा टब दोन तृतीयांश भरला होता. तिनं हत्यारांची पेटी खाली ठेवली, टबाभोवती चक्कर मारायला निघाली आणि मारू शकली नाही, कारण मागची बाजू कुंपणाच्या भिंतीपासून जेमतेम वीतभर होती. ती परत पुढे आली.

“बाबा, याचं दार कुठाय?”

“मागे. भिंतीकडे.”

“मुद्दाम?”

“मग काय? चार स्क्रू, जाळी, कंपनीचा स्टिकर. ते काय हिनं रोज खिडकीतून बघायचं? चांगली बाजू प्रेक्षकांकडे.”

सून आधी हसली. मग थांबली. त्या दाराआड टबाचा सगळा संसार असतो: मोटर, हीटर, वायर जोडायची पेटी, पाणी सोडायचा व्हॉल्व्हसुद्धा. दार उघडायला आणि माणसाला आत वाकायला निदान तीन फूट जागा लागते. इथं मांजर गेलं असतं, तेही उपाशी.

काकांचं म्हणणं असं की त्यांचा हात लांब आहे, आडवं पडून घालता येईल. तीनच तर वायरी आहेत, त्या ते स्वतः जोडतील. आयुष्यभर अंधारात वायरी जोडल्यात. सुनेनं यावर वाद घातला नाही. ती भिंतीवरच्या बटणापाशी गेली, ते बंद केलं, पेटीतून लाल रंगाचं छोटं कुलूप काढून त्याच्या कडीत अडकवलं आणि किल्ली खिशात टाकली. हे ती प्रत्येक कामावर करते. गिऱ्हाइकाच्या घरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. सासऱ्याला वाटलं.

“म्हणजे आता माझ्या घरात मलाच कुलूप.”

“तुम्हाला नाही, बाबा. विजेला.”

“चोराच्या हातात किल्ली नको, असंच ना?”

बाई काठी टेकत दारात आल्या होत्या. दोघंही त्यांच्याकडे बघायला लागली. काका म्हणाले, तूच सांग हिला, सोमवार हातचा जातोय. बाईंना सोमवार किती हवा होता हे त्या घरात सांगायला नको होतं. पोहण्याचा पोशाख आठवड्यापूर्वीच धुऊन न्हाणीघराच्या खुंटीला लावलेला होता.

“अहो, एकतीस वर्षांत मी स्वतः उतरून बघितल्याशिवाय एकाही पोराला पाण्यात सोडलं नाही,” बाई म्हणाल्या. “आता पोर मी आहे. ही बघेल, मग मी उतरेन.”

काकांनी नळ बंद केला.

यानंतर प्रश्न उरला तो साधा होता. टब उलटा फिरवायचा, तर आधी रिकामा करायचा. रिकामा करायचा व्हॉल्व्ह भिंतीकडे. काका बादली घेऊन आले. साडेसहाशे लिटर म्हणजे पासष्ट बादल्या, बाईंनी तोंडी सांगितलं. मग त्यांनीच नळीचे दोन तुकडे मागवले. ते पूर्ण पाण्यात बुडवायला लावले, एकेक टोक अंगठ्यानं दाबून बाहेर काढायला सांगितलं आणि उताराच्या गटारात खाली धरायला लावलं. अंगठा सोडताच पाणी आपसूक वाहू लागलं. सून म्हणाली, आई, हे कुठं शिकलात? बाई म्हणाल्या, तलावाचा पंप दर शनिवारी बंद पडायचा.

पाणी उतरत होतं तेवढ्या वेळात बाईंनी पाच फोन केले. कुणालाही कारण सांगितलं नाही, फक्त वेळ सांगितली. साडेबाराला पाच जण हजर होते: बेकरीवाला, दातांचा डॉक्टर, टपालवाली आणि फर्निचरच्या दुकानातले दोघे भाऊ. सगळे चाळिशीच्या पुढचे, सगळे कधी ना कधी बाईंच्या हातून नाकात पाणी गेलेले. डॉक्टर दवाखान्यातला पांढरा डगला घालूनच आला होता. खुर्चीत पेशंट आहे, तोंड उघडं ठेवून आलोय, असं तो म्हणाला. ते खोटं होतं, शनिवारी त्याचा दवाखाना बंद असतो.

तोवर काकांना त्यांचा जुना सूर सापडला होता. त्यांनी माळ्यावरून गुळगुळीत फळ्या काढल्या, त्यांना साबण चोळला, पहारीनं टबाचा एकेक कोपरा बोटभर उचलून त्या खाली सरकवल्या. फिरत्या सेटला मधे खिळा असतो. इथं खिळा नाही, म्हणून तिघांनी एका दिशेला आणि तिघांनी विरुद्ध दिशेला सारखंच ढकलायचं. हे त्यांनी खडूनं कोब्यावर काढून दाखवलं. सुनेनं एकच अट घातली: टबाच्या आणि भिंतीच्या मधे कुणाचाही हात जाणार नाही. काका म्हणाले, हा नियम माझाच आहे. आणि तो खरंच त्यांचा होता. उजव्या हाताचं अर्धं बोट नसण्याचं कारणही तेच होतं.

बाईंनी गळ्यात शिट्टी घातली. लांब शिट्टी म्हणजे ढकला, आखूड म्हणजे थांबा. पहिल्या आखूड शिट्टीला सगळे थांबले आणि डॉक्टरानं सवयीनं जवळची भिंत पकडली. तलावात त्या शिट्टीला काठ धरायचा असायचा. बेकरीवाला त्यावर इतका हसला की त्याला बाजूला उभं करावं लागलं, अगदी तेव्हासारखंच. राजवाड्याचं जंगल चाळीस सेकंदांत करणाऱ्या माणसाला भर उजेडात टब फिरवायला पन्नास मिनिटं लागली. पण एक वाजून पस्तीस मिनिटांनी दार घराकडे आलं होतं, समोर साडेतीन फूट मोकळी जागा होती आणि सगळ्यांची बोटं आधी होती तेवढीच होती.

खिडकीतून आता चार स्क्रू, जाळी आणि स्टिकर दिसत होते. बाई म्हणाल्या, छान दिसतंय. पाच जण आपापल्या घरी गेले.

सुनेनं स्क्रू काढले आणि दार बाजूला ठेवलं. ती गुडघ्यावर बसली आणि आत वाकून बघायला लागली.

आतला तळ ओला होता. मोटरला पाइप जोडणाऱ्या, नटासारख्या फिरवायच्या दोन मोठ्या चकत्या असतात. वाहतुकीच्या हादऱ्यांनी त्या सैल होतात, म्हणून भरण्याआधी हातानं घट्ट करायच्या, असं माहितीपुस्तकात लिहिलेलं आहे, काकांनी न वाचलेल्या चार पानांत. दार भिंतीकडे असल्यामुळे ते कुणाला दिसलंही नाही. तासभर पाणी भरत होतं आणि त्यातलं थोडं सैल जोडातून थेट हीटरवर ठिबकत होतं. सुनेनं चकत्या घट्ट केल्या, फडक्यानं सगळं टिपलं आणि मीटर लावला. हीटरमधून वीज बाहेर झिरपणार नाही याची खात्री देणारा आकडा निदान एक यायला हवा होता. दुपारी चार वाजता तो आला शून्य पूर्णांक दोन दशांश.

तिनं दोघांना सरळ सांगितलं. हीटर फक्त ओला असेल तर सुकेल आणि आकडा चढेल. आत खोलवर पाणी गेलं असेल तर चढायचा थांबेल, मग नवा हीटर मागवावा लागेल आणि तो यायला आठ दिवस लागतील. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत आकडा एकवर आला तर ती वीज जोडेल. रात्रीतून पाणी तापेल आणि सोमवार सकाळ हाती राहील. नाही आला तर नाही.

काका ऐकत होते. त्यांनी विचारलं ते फक्त पंख्याबद्दल: वारा लावला तर लवकर सुकेल का? सुकेल, ती म्हणाली, पण पंखा टबापासून लांब, कोरड्या जागी, घरातल्या प्लगवर. त्यांनी तो तसाच लावला आणि वायर कशी नेली ते तिला दाखवलं. हे त्यांनी याआधी कधी कुणाला दाखवलं नव्हतं.

जाताना ती दारात घुटमळली. लाल कुलूप अजून भिंतीवर होतं. तिला वाटलं असावं की सकाळचं जरा जास्त झालं.

“बाबा, किल्ली ठेवून जाऊ का इथं?”

“नको,” काका म्हणाले. “मी कोण आहे ते मला माहीत आहे. घेऊन जा.”

बाईंनी नंतर त्यांना विचारलं, रागावलात का? ते म्हणाले, राग स्वतःचाच आलाय. सगळं आयुष्य मागची बाजू लपवण्यात गेलं, आणि नेमकं तुझ्या वेळेला तिथंच काम होतं. बाई म्हणाल्या, बेचाळीसचे चौतीस झाले तर चौतीस दिवसांत करू. ते दोघांनाही फारसं पटलं नाही. त्यांनी दिवा मालवला.

रविवारी सकाळी आठला सून परत आली. आकडा शून्य पूर्णांक सहा. बाईंनी पोशाख खुंटीवरून काढला, घडी घातली, आणि थोड्या वेळानं परत खुंटीला लावला. अकराला शून्य पूर्णांक आठ. काका माहितीपुस्तक पहिल्या पानापासून वाचत पंख्याशेजारी बसले होते. दर पानाला ते खिडकीकडे बघत, आणि बाई तेव्हा दुसरीकडे बघत.

दुपारी दोनला तिनं पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक नऊ. तिनं दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तोच. सकाळी तीन तासांत दोन अंक चढलेला आकडा आता तीन तासांत एकच चढला होता. नऊ आणि दहात काय एवढा फरक, हे वाक्य शनिवारी त्या अंगणात नक्की ऐकू आलं असतं. काकांनी पंख्याचं तोंड बोटभर डावीकडे वळवलं आणि पुढचं पान उलटलं.

टब रिकामा आहे. दार उघडं, घराकडे. नळी नळाला जोडून तयार ठेवली आहे. पुढचं मोजमाप पाच वाजता.