रुमालाखालचं मत

मिरचीचं बी अंगठ्याच्या नखाला चिकटलं होतं — पिवळट, चपटं, एका कडेला किंचित दबलेलं — आणि सुरेशचंद ते उन्हात धरून बघत होता. तिखटपणा बियांत असतो असं सारा बाजार मानतो. त्याने परवा एक बी धुऊन, पुसून, दाताखाली चावून पाहिलं होतं. तिखट नव्हतं. तिखट असते ती आतली पांढरी शीर; बी तिला लागून बसलेलं असतं एवढंच. हे त्याने सांगितलं तेव्हा त्याचे बाबूजी, भिकमचंद, मनापासून हसले होते. "असेल. पण गिऱ्हाईक बी बघून भाव देतं. तू त्याच्याकडून भाव बदलून आण, मग मी तुझं विज्ञान मानतो."

समोर वाळत घातलेल्या मिरचीची पथारी पसरली होती, वावरभर लाल. माघाच्या कोवळ्या उन्हात बायका ओळीने बसून देठ खुडत होत्या, तोंडाला पदर बांधून, आणि वारा फिरला की सगळी ओळ एकदम शिंकायची, मग हसायची. व्यापारी मंडळाची सभा दुपारी होती. काल जेवताना बाबूजी म्हणाले होते, "उद्या गादीवर माझ्याशेजारी बस. पेढीचं मत आता तू द्यायचं." आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "हात वर करायचा, खाली घ्यायचा. त्याला बी.एस्सी. लागत नाही."

"सुरेशभाऊ, मीटिंग है न आज?"

रहिमाबी देठ खुडता खुडताच बोलली. वर पाहिलं नाही.

"आहे."

"उनकी कुर्सी का क्या करनेवाले? निकालनेवाले, ऐसा सुना."

"कुर्सी नाही काढत, भाभी. कमिटीच नको म्हणताहेत. निवडणूक पुढे ढकलायची, सरकारने एक प्रशासक नेमायचा."

"मतलब सबकी कुर्सी निकालनेवाले." तिने हातातली मिरची टोपलीत टाकली. "अच्छा है. इनको अंदर डाला, कुर्सी रह गई थी. लकड़ी को कौन पकड़ेगा, इसी फिकर में थे बेचारे." शेजारच्या बायका पदराआड हसल्या. मग रहिमाबीही खोकली, की हसली, ते त्याला कळलं नाही.

इसाक — तिचा नवरा — हमाल-मापाड्यांनी मत देऊन बाजार कमिटीवर बसवलेला माणूस. पावसाळ्यात एका पहाटे त्याला घरातून नेलं. त्याने नेमकं काय केलं होतं हे कोणी सांगत नव्हतं, आणि विचारणं हेच काहीतरी केल्यासारखं झालं होतं आणीबाणीच्या या दिवसांत. खरं सांगायचं तर सुरेशचंदला इसाक आवडत नसे. मोठमोठ्याने बोलायचा, टेबलावर थापा मारायचा, भर हंगामात हमाल बसवून ठेवायचा, आणि हमालीचे दर वाढवून घेताना त्याने सुरेशचंदला सगळ्यांदेखत निरुत्तर केलं होतं — "शेठ, पोतं कागदावर हलकंच असतं." तो गेल्यापासून बाजार कसा गुळगुळीत चालला होता. वॅगन वेळेवर लागत होत्या. मग हे काय होतं छातीत, सकाळपासून? इसाकबद्दलची दया नव्हे. दया असती तर सोपं होतं, रहिमाबीच्या हातावर काही ठेवून मोकळं होता आलं असतं... हे काहीतरी कोरडं होतं, प्रयोगशाळेतल्यासारखं. जळगावच्या कॉलेजात प्रयोग करताना काटा हव्या त्या आकड्याच्या जरासा अलीकडे थांबला की बोट आपोआप पुढे जायचं, हलकेच टिचकी मारायला, आणि मागून सरांचा आवाज, "लावा, लावा हात. तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल. मग यंत्र कशाला ठेवलंय?" भाव हे एक यंत्र आहे. कुठे किती मिरची आली, कुणाला किती हवी, हे कोणाही एका माणसाला माहीत नसतं, ते भावाला माहीत असतं — काट्याला कोणी हात लावला नाही तर. हे त्याला खरोखर सुंदर वाटायचं. पेढीवर बसायची त्याची तयारी झाली ती निम्मी यामुळेच. उरलेली निम्मी यामुळे, की बाबूजींनी पुणे नाही म्हणून सांगितलं होतं. एम.एस्सी.ला दोन वर्षं लागतात. "दोन वर्षं पेढी कोण बघणार? मी म्हातारा होतोय ते तुझ्या विज्ञानात दिसत नाही का?"

मंडळाच्या हॉलमध्ये गाद्या घातल्या होत्या. बाबूजी पुढच्या रांगेत बाजूच्या भिंतीशी टेकून बसले, त्यांची थोरली शाल दोघांच्या मांडीवर आली. मागे दाराजवळ खुर्चीवर तहसील कचेरीतला एक माणूस चहा पीत होता. त्याला कोणी बोलावलं होतं असं नव्हतं, आणि कोणी का आलात असंही विचारलं नव्हतं. सगळे जरा जास्तच मोठ्याने एकमेकांची विचारपूस करत होते.

चंपालालकाका अध्यक्ष. त्यांनी घड्याळ बघितलं. "लवकर आटपू. आपल्याला दिवस मावळायच्या आत जेवायचं असतं, आणि मध्येच येऊन भांडायला इसाकभाई नाहीत, म्हणजे आज वेळेवर जेवायला मिळणार." हशा झाला. मग ते ठराव समजावून सांगू लागले. "बघा, आपण सरकारकडे काय मागत आलो? व्यापार मोकळा ठेवा. भाव मोकळा ठेवा. आता सरकार ऐकतंय. तर मोकळ्या व्यापाराला शिस्त लागते, शांतता लागते. निवडणूक म्हटली की आरडाओरडा आला, कोण हमालांचा, कोण शेतकऱ्यांचा, कोण आपला... एक साहेब बसला, एक सही झाली, काम संपलं. मी तर म्हणतो..."

शालीखाली बाबूजींचा हात आला.

आधी वाटलं, थंडी वाजतेय त्यांना. मग त्यांच्या मुठीने त्याचं एकच बोट धरलं आणि दाबलं, आणि सुरेशचंदच्या हाताला मनाच्या आधी कळलं. हत्ता. लिलाव उघड पुकारून करायचा नियम व्हायच्या आधी मिरचीचा भाव असाच ठरायचा, रुमालाखाली, अडत्याच्या आणि घेणाऱ्याच्या बोटांत. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, आणि खाली बोटं बोलताहेत. जितकी बोटं धरली तितका आकडा, पंजा आवळला की सौदा पक्का. ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा, रुमालाकडे बघत. "तुमनं बोट तुमले माहीत," अभिमन पाटील नावाचा शेतकरी एकदा म्हणाला होता, "माले काय दखास?" त्याला दिसायचा तो नुसता रुमाल. लहानपणी बाबूजींनी जेवणानंतर पंचाखाली ही भाषा त्याला शिकवली होती. त्या खेळात तो नेहमी जिंकायचा, कारण बाबूजी हरायचे.

एक. बोट पुन्हा दाबलं गेलं. एक — काय एक?

बाबूजी समोर चंपालालकाकांकडे बघून मान डोलावत होते. त्यांचा चेहरा अगदी बाजारातला होता, आणि तो चेहरा बघताच उलगडलं. एक वर्ष. सकाळपासून मुलगा गप्प आहे, हात वर करील की नाही याचा भरवसा नाही. म्हणजे मुलगा काहीतरी मागतो आहे. म्हणजे भाव करतो आहे. त्यांच्या सबंध आयुष्यात गप्प बसणाऱ्या माणसाचा दुसरा अर्थ त्यांना कधी भेटलाच नव्हता.

तो हलला नाही. मूठ सुटली, आणि या वेळी तिने दोन बोटं धरली.

दोन. पुणे... वसतिगृहाची खोली, प्रयोगशाळेतला तो गॅसचा आणि लाकडाचा मिसळलेला वास, रात्री जागून काढायची गणितं, सगळं एकदम हाताशी आलं. पंजा आवळायचा फक्त. बाबूजींचे हात गरम होते आणि बोटांची पेरं सुजल्यासारखी जाड झाली होती, हे त्याला आजवर माहीत नव्हतं. या माणसाने आत्ता, चेहऱ्यावरची रेषाही न हलवता, आपली दोन वर्षं शालीखाली ठेवली होती. आणि याला उत्तर नव्हतं. हात झटकला तर भाव पटला नाही असं होतं. तिसऱ्या बोटासाठी अडून बसलाय असं होतं. माल विकायला आणलेलाच नाही, यासाठी त्या भाषेत खूणच नव्हती. कारण विकायचं नाही त्याने रुमालाखाली हात घालायचाच कशाला?

पण बाबूजींना 'नाही' कळत नाही असंही नव्हतं. याच अभिमन पाटलाने एकदा भाव ऐकून गाडी वळवली होती. "मना माल शे, मी दोंडाईचाले लई जास." मुनीम बैल धरायला धावला तेव्हा बाबूजींनी त्याला मागे ओढलं होतं — जाऊ दे त्याला, तो जायला मोकळा आहे म्हणून तर आपल्याकडे येतो. हे बाबूजीच म्हणाले होते. आणि इथे, या गाद्यांवर, गाडी वळवायला जागा कुठे आहे? दारात तो चहा पिणारा बसलाय. व्यापार मोकळा हवा म्हणणारी ही सगळी माणसं — आणि यांतल्या एकालाही आत्ता उठून 'मला नको' म्हणता येत नाही. मग मोकळं काय राहिलं? नुसता मिरचीचा भाव? तो तरी किती दिवस?

एक गोष्ट त्याला अडत होती, आणि अडली की ती सोडून पुढे जाता येत नसे. भाव झाकून केला तर लबाडी, म्हणून तो उघड केला, ते बरोबरच झालं. मग निवडणुकीत मत झाकून का द्यायचं? एकच झाकणं, इथे वाईट आणि तिथे चांगलं, असं कसं... रुमालाखाली कोण लपत होतं? जो बळकट होता तो. उभा राहून बघत होता तो दुबळा. आणि चिठ्ठीत — चिठ्ठीत उलटं आहे. घाबरलेला माणूस त्या घडीत लपतो, आणि ज्याच्यामुळे घाबरायचं तो बाहेर उभा राहतो, त्याला दिसत नाही. एवढंच होतं. फार साधं होतं, आणि ते सापडल्याचा आनंद इतका अवेळी आणि इतका निखळ होता की त्याला हसू आलं.

"...तर ज्यांचा पाठिंबा आहे त्यांनी हात वर करावेत."

बाह्या सरसरल्या. सुरेशचंद उभा राहिला. शाल घसरली, बाबूजींची मूठ उघड्यावर आली. दोन बोटांएवढी पोकळी तिच्यात तशीच राहिली होती.

"वा!" चंपालालकाका म्हणाले. "भिकमचंदजींच्या पेढीचं अनुमोदन. लिहून घ्या."

"नाही, काका. मला विचारायचंय." आवाज चिरका निघाला. "मत चिठ्ठ्या टाकून घ्यावं."

हात अर्धवट वर, अर्धवट खाली असे थांबले. चहाचा कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"अरे, आपण सगळे घरचे," चंपालालकाका हसत म्हणाले. "घरात कोणी आडपडदा लावून जेवतं का?"

"घरात पाहुणा येऊन बसला तर लावतात, काका." हे आपण म्हणालो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

कोणीतरी हसलं, लगेच थांबलं. चंपालालकाकांनी दाराकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आयत्या वेळी वजनात तूट निघावी तसं काहीतरी होतं. "बरं. कोणाचं म्हणणं डावललं असं नको. ज्यांना चिठ्ठ्या हव्यात त्यांनी हात वर करा."

म्हणजे झाकून मत द्यायचं की नाही हे उघड हाताने सांगायचं! ही चूक काकांना दिसली नाही, की दिसली म्हणूनच त्यांनी ती केली? सुरेशचंदने हात वर केला. समोरची भिंत, बाजूची मान खाली घातलेली डोकी, खिडकीतलं ऊन. किती शांत होतं. आता घरी काय होईल, पेढीच्या परवान्याचं काय होईल, पुणे तर गेलंच... हे सगळं खरं होतं आणि तरी ते थोडं लांब उभं होतं, वाट बघत.

मग मागून कुठूनतरी कापडाची सळसळ आली. एक बाही, की दोन? की कोणी नुसतीच मांडी बदलली? आणि अगदी जवळ, उजवीकडे, शाल हलली.

बाबूजींचा हात मांडीवरून उठला होता, एवढं मला — हो, तो सुरेशचंद मीच — डोळ्याच्या कोपऱ्यातून कळलं. चष्मा नीट करायला, कपाळ पुसायला, की... मान थोडी वळवली असती तर दिसलं असतं. आजवर प्रत्येक गोष्ट वळून पाहिली होती मी, धुऊन, पुसून, दाताखाली चावून. पण हा हात त्यांचा होता, आणि तो कुठे जातोय हे त्यांना आत्ता कोणी बघता कामा नये — मीसुद्धा. मी समोर खिडकीकडे बघत राहिलो, हात दुखू लागला तरी वरच ठेवून, आणि मला वाटत राहिलं की इतक्या जवळ आम्ही दोघं कधीच बसलो नव्हतो.