भट्टीघराचं दार

आइशेनग्रुंडच्या चौकात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. खाणीतले लोक पाळी अर्धी टाकून वर आले होते, बायका पिठाच्या हातांनी धावल्या होत्या, आणि रविवारी रिकाम्या बाकांना उपदेश करून थकलेले पास्टर खिडकीतून ही गर्दी हेव्यानं बघत होते. मधोमध एक छोटी भट्टी आणि भट्टीपुढे झेबाल्ड बुवा. बाह्या दंडापर्यंत सारलेल्या, दाढी छातीवर रुळणारी, आणि आवाज असा की पलीकडच्या डोंगरावरच्या शेळ्यांनी चरणं थांबवावं.

"माझे हात बघा," बुवा म्हणाला. "तोंडात बघा. दाढीत बघा. आहे काही?"

दोघा खाणकामगारांनी खरोखरच दाढीत बोटं घालून पाहिलं. सापडलं ते कालच्या कोबीचं पान.

गेली तीन वर्षं या खाणीतून चांदीसारखा चमकणारा दगड निघत होता, पण भट्टीत घातला की हाती धुपाटणं. वर त्याच्या धुरानं भट्टीवरची माणसं खोकून खोकून मरत. हे काम कोबोल्टाचं, म्हणजे खाणीतल्या भुताचं, याबद्दल गावाला तिळमात्र शंका नव्हती. कोबोल्ट दगडातली चांदी खातो आणि भूक उरली की माणूस खातो.

बुवानं हाडांच्या राखेची छोटीशी वाटी भट्टीत ठेवली, तीत चिमूटभर कुटलेला दगड टाकला आणि पिशवीतून शिशाचा तुकडा काढून त्यावर ठेवला. यात नवल काही नव्हतं. वितळलेलं शिसं दगडातली चांदी ओढून घेतं, मग शिसं वाटीत जिरून जातं आणि चांदीचा मणी तेवढा मागे उरतो. इथलं शेंबडं पोरही हे जाणून होतं. गावानं आपल्या शिशानं शंभरदा करून पाहिलं होतं आणि शंभरदा वाटी रिकामी निघाली होती. बुवाचं शिसं मात्र मंतरलेलं होतं, जेरुसलेमच्या वाटेवरच्या कुठल्याशा चर्चच्या छपराचं.

"ए काळतोंड्या," बुवा वाटीवर ओरडला, "ए दगडाच्या पोटातल्या उंदरा, खाल्लंस ते ओक. तुझ्या बापाचा बाप आलाय. ओक म्हणतो ना!"

पाऊण तास हे चाललं. शेवटी त्यानं चिमट्यानं वाटी बाहेर काढली. तळाशी मोहरीएवढा चांदीचा मणी चमकत होता. पुरुषांनी टोप्या काढल्या. एक म्हातारी रडायला लागली.

"हा झाला एक कोबोल्ट," बुवा म्हणाला. "भट्टीघरात या दगडाचा अख्खा ढीग पडलाय, त्यात त्यांचं खटलं नांदतंय. त्यांचा श्वास कोंडला पाहिजे. उद्या दुपारी सात पुरुष आत जातील. धुराडं ओल्या गवतानं बंद, दार बाहेरून बंद. ढीग पेटवून सातांनी भजनं म्हणायची ती संध्याकाळच्या घंटेपर्यंत. घंटा झाल्याशिवाय दार उघडलंत तर सगळं मुसळ केरात. आणि चांदी चांदीला ओढते, म्हणून प्रत्येक घरातून एक चांदीची वस्तू आज माझ्या पोत्यात आली पाहिजे."

सातांत पहिला हात वर केला तो भट्टीवाल्या माथेसनं.

गर्दीच्या कडेला, शेवाळानं भरलेली टोपली काखेत धरून, डॉक्टर आम्ब्रोस फाइट हे सगळं बघत होता. गावाचा वैद्य तो नावापुरता. खरा जीव दगडांत, झाडपाल्यात आणि काचेच्या नळ्यांत. विद्यापीठातली जागा त्यानं सोडली होती, कारण तिथले विद्वान दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकात बघून दगडाचा रंग सांगत, आणि तोच दगड टेबलावर पडलेला असे. जगातला प्रत्येक क्षार स्वतःच्या जिभेवर ठेवून बघायच्या नादात त्यानं दोन दात घालवले होते. घरात बाराशे दगड ओळीनं मांडलेले. त्यातले निम्म्याहून अधिक माथेसनं आणले होते. वीस वर्षं दर रविवारी हा भट्टीवाला एखादा विचित्र दगड रुमालात बांधून आणायचा, आणि डॉक्टर "हं, ठेव तिकडे" म्हणायचा.

संध्याकाळ व्हायच्या आत माथेसची बायको ऊर्सेल डॉक्टरच्या दारात उभी होती.

"डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगा त्याला. माझं ऐकत नाही. माझा लग्नातला चांदीचा पट्टासुद्धा पोत्यात घालून आलाय."

"माझंही ऐकणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मेंढरांचा गाव आहे हा, ऊर्सेल. लांडग्यानं दाढी वाढवली की त्यालाच धनगर म्हणतात."

"मेंढरू असेल, पण नवरा आहे माझा. आणि वीस वर्षं तुमच्या घरी दगड वाहून आणतोय ते मेंढरूच ना?"

 डॉक्टर टोपी घेऊन तिच्याबरोबर निघाला.

माथेस अंगणात लाकडं फोडत होता. डॉक्टरला बघून त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

"तो धूर विषारी आहे," डॉक्टर म्हणाला. "दार लावलंस तर घंटेपर्यंत सातांतला एकही उरणार नाही."

"माझा लोरेन्झ त्या भट्टीवर गेला," माथेस म्हणाला. "धाकटा भाऊ माझा. चोवीस वर्षांचा. ज्यानं त्याला मारलं त्याचा श्वास कोंडलेला मला बघायचाय."

"श्वास तुझा कोंडेल, मूर्खा."

"बघा," माथेस शांतपणे म्हणाला, "तुम्ही मला वीस वर्षं मूर्ख म्हणताय. मी दगड आणायचा थांबलो नाही. पण लोरेन्झ मेला तेव्हा तो का मेला हे मला कुणी सांगितलं नाही. बुवानं सांगितलं. आणि तो मला मूर्ख म्हणत नाही."

डॉक्टर परत निघाला तेव्हा त्याच्या कानशिलांत आग होती. बुवाचा राग होताच, पण त्याहून मोठा राग स्वतःचा होता. लोरेन्झ कशानं मेला हे त्याला ठाऊक होतं. त्यावर त्यानं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं, सुरेख लॅटिनमध्ये. गावात लॅटिन वाचणारे दोघे. एक तो स्वतः, दुसरे पास्टर, आणि पास्टरांना धुराशी कर्तव्य नव्हतं.

वाटेत त्याला आपली तरुणपणची फजिती आठवली. धातूंच्या कसोटीचं काम शिकत असताना त्यानं नदीच्या साध्या वाळूतून चांदी काढून दाखवली होती आणि दोन दिवस मान ताठ करून हिंडला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या म्हाताऱ्या उस्तादानं त्याचंच शिसं, वाळूबिळू काही न घालता, नुसतंच वाटीत वितळवलं. मणी आला. चांदी शिशातच होती. "पोरा," म्हातारा म्हणाला होता, "दगडाची परीक्षा घेण्याआधी शिशाची साक्ष काढावी."

डॉक्टर रस्त्यात थबकला. मग झपझप घरी गेला, हातोडी घेतली आणि परसात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा चौकात शेवटचा चमत्कार दाखवत असताना डॉक्टर नेहमीची टोपली काखेत धरून गर्दीतून पुढे आला आणि त्यानं चक्क टोपी काढली. लोक अवाक झाले. या माणसानं आजवर राजाच्या अधिकाऱ्यासमोरही टोपी काढली नव्हती.

"महाराज," तो म्हणाला, "माझ्याकडे एक कुटलेला दगड आहे. मी हरलो याच्यापुढे. तुम्ही बघाल का?"

बुवाचा चेहरा फुलला. "विद्या जिथे थकते तिथे श्रद्धा सुरू होते. आणा."

त्यानं ती तांबूस पूड वाटीत टाकली, शिशाचा तुकडा ठेवला आणि शिव्यांची माळ सुरू केली. यावेळी तर तो गुडघ्यांवर बसला, घामाघूम झाला, एकदा मागे कोलमडलासुद्धा. पाऊण तासानं मणी निघाला, कालच्याएवढाच.

"फार जुना होता हा," बुवा धापा टाकत म्हणाला. "तीनशे वर्षांचा कोबोल्ट. जाताना किंचाळला, ऐकलंत ना?"

"ऐकलं," चारपाच जण म्हणाले.

"तीनशे?" डॉक्टर म्हणाला. "मी तर ती भिंत गेल्या वर्षी बांधली."

"कसली भिंत?"

"माझ्या संडासाची. ही तिची वीट आहे. काल हातोडीनं फोडून कुटली. तुम्हाला हवं तर भोक दाखवतो, अजून वारा येतोय."

एका बाईला हसू आवरलं नाही. बाकीच्यांना हसावं की भ्यावं कळेना. ज्यांनी किंचाळी ऐकली होती ते आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

"विटेतही भूत बसतं," बुवा लगेच म्हणाला. "घाणीच्या जागी तर हमखास."

"असेल बुवा. माझ्या संडासातही चांदी असेल, मी उगाच डोंगर खणत बसलो. माथेस, इकडे ये. तुझा भाऊ गेलाय, तूच कर. पिशवीतला शिशाचा तुकडा घे. दगड नको, वीट नको, शिव्या नकोत. नुसतं शिसं वाटीत ठेव."

"त्या शिशाला अपवित्र हात लावाल तर..." बुवा पिशवी छातीशी धरत म्हणाला.

माथेसनं त्याच्याकडे पाहिलं. भट्टीवर वीस वर्षं घालवलेल्या माणसाचे हात काय असतात ते बुवाला तेव्हा कळलं असावं. पिशवी सुटली. माथेसनं तुकडा ठेवला आणि भाता हलवायला लागला. चौकात कुणी खोकलंसुद्धा नाही. शिसं वितळलं, फिरलं, हळूहळू वाटीत जिरत गेलं.

तळाशी मणी उरला. मोहरीएवढा.

माथेसनं तो तळहातावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिला. "शिशातच होती," तो म्हणाला. "चांदी त्यानंच घालून आणली."

"तुम्ही त्याच्या दाढीत शोधलंत," डॉक्टर म्हणाला. "सगळ्यांसमोर ठेवलेल्या वस्तूत कुणी बघितलं नाही."

बुवा मागच्या मागे सरकत होता. बुवा उतरला होता त्या खानावळीच्या मागे ऊर्सेल आधीच जाऊन आली होती. बुवाचं खेचर खोगीर घालून उभं होतं, पाठीवर चांदीचं पोतं, तोंड बोहेमियाच्या रस्त्याकडे. सात जण आत भजनं म्हणत असताना बुवा हद्दीपार झाला असता, आणि घंटेनंतर दार उघडणाऱ्यांना शिव्या द्यायलाही कुणी मिळालं नसतं. कालच्याच दोघा कामगारांनी त्याला कालच्याच दाढीला धरून खाणीच्या कारभाऱ्याकडे नेलं. पोत्यातून पट्टा काढून ऊर्सेलनं तो तिथेच कमरेला बांधला.

लोक हसायला लागले होते. माथेस हसत नव्हता.

"कोबोल्ट नाही, तर मग लोरेन्झला कुणी मारलं?"

डॉक्टर म्हणाला, "चल भट्टीघरात." सगळा गाव मागोमाग गेला.

भट्टीघराच्या तुळयांवर पिठासारखी पांढरी पूड साचली होती. डॉक्टरनं तिच्याकडे बोट दाखवलं.

"ऊर्सेल, हे काय आहे?"

"उंदराचं औषध," ती म्हणाली. "आम्ही सगळेच खरवडून नेतो. धान्याच्या कोठारात टाकतो."

"टाकल्यावर उंदराचं काय होतं?"

"मरतो की."

बोलता बोलता ती थांबली. तिचा हात तोंडावर गेला.

"ही पूड धुरातून येते," डॉक्टर म्हणाला. "हा दगड भाजला की लसणासारखा वास येतो ना, तोच धूर वर जाऊन थंड झाला की ही पूड होते. उंदीर ती खातो. तुम्ही ती श्वासात घेता. तीन वर्षं तुमच्या डोक्यावर ही बसलीय, तुम्ही तिनं उंदीर मारता, आणि माणसं कशानं मरतात म्हणून भूत शोधता." त्याचा आवाज नेहमीसारखा चढत होता. माथेसकडे नजर गेली आणि तो उतरला. "हे मला लोरेन्झच्या आधीपासून ठाऊक होतं. मी ते लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. तुला सांगितलं नाही. बुवा तुझ्या भाषेत खोटं बोलला, आणि मी परक्या भाषेत खरं बोललो. मूर्ख कोण, ते तू ठरव."

 माथेसनं तुळईवर बोट फिरवलं आणि पांढऱ्या झालेल्या बोटाकडे बघत राहिला.

डॉक्टर लोकांकडे वळला. "यापुढे कुणी वाटीतून काही काढून दाखवलं, तर एकच विचारा. हे आधीपासून कशात होतं? दगडात, शिशात, की बाहीत? विचारायला लॅटिन लागत नाही. आणि विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याला गावाच्या वेशीपर्यंत पोचवून या. दगड भाजायचाच असेल तर उघड्यावर भाजा, वारा पाठीशी घेऊन, तोंडाला ओलं फडकं बांधून. मी खडू आणतो. या दारावर साध्या जर्मनमध्ये मोठ्या अक्षरात लिहितो, आत धूर असताना हे दार लावू नये."

"भट्टीवर वाचता येतं कुणाला?" माथेस म्हणाला.

त्यानं कोपऱ्यातली पहार उचलली, बिजागरीत घातली आणि दार उचकटून काढलं. मग ते पाठीवर घेऊन तो बाहेर निघाला. दुसऱ्या टोकाला वजन येत होतं, म्हणून डॉक्टरनं टोपली खाली ठेवली आणि ते टोक धरलं.