लॅपटॉप रुसला शिवणकाकूंवर

लॅपटॉप रुसला होता तो फक्त शिवणकाकूंवर, आणि हेच त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. काका समोर बसले की पडदा कसा लख्ख. काकूंनी हात टेकवले की लुकलुक, लुकलुक, आणि मग ठार काळोख.

चार वाजता त्यांचा पहिला ऑनलाइन शिवणवर्ग होता. आयुष्यभर सगळ्या गल्लीचे कपडे शिवले म्हणून तर शिवणकाकू हे नाव पडलं. पण आता लोक तयार कपडे घेतात, आणि शिलाई मशीन खोळ पांघरून कोपऱ्यात बसलेलं. दुसऱ्या गावी राहणाऱ्या लेकीनं खटपट करून वर्गाला बायका जमवल्या होत्या. काकूंनी मनात ठरवून टाकलं होतं, आज फजिती झाली तर पुन्हा या वाटेला जायचं नाही आणि मशीनही विकून मोकळं व्हायचं. कुणाला बोलल्या मात्र नव्हत्या.

लेक फोनवरून उंटावरून शेळ्या हाकत होती. "आई, चार्जर काढून बघ. बंद करून परत चालू कर. बाबा, झाकण जरा मागेपुढे करा, आतली वायर सैल असेल."

काकांनी सगळं करून पाहिलं. झाकण हलवलं, उजेड कमीजास्त केला. पडदा एकदाही लुकलुकला नाही.

"माझ्या हातात तर झकास चालतोय," काका म्हणाले, जरा जास्तच खुशीत.

"मग तुम्हीच शिकवा बायकांना काजं करायला."

"अगं, चिडतेस काय? तुमचं दोघांचं पटत नाही, एवढंच."

काकू उठल्या. राग आला की त्या शिवायला बसतात, ही जुनी खोड. मशीनची खोळ काढली, काकांचा उसवलेला सदरा घेतला आणि पाय मारायला लागल्या. मशीननं टाका सोडला. पुन्हा सोडला.

"आता तूही?" काकू मशीनला म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. शिकायला येणारी मुलगी मशीनला नावं ठेवायला लागली की त्या फटकन म्हणायच्या, नाचता येईना अंगण वाकडं. आधी हाताकडे बघ, कापड ओढतेस तू. आज रागाच्या भरात त्या स्वतःच सदरा खसाखसा ओढत होत्या. हात सैल सोडला, तसे टाके सरळ पडले.

काकू आपल्या हातांकडे बघत राहिल्या. डाव्या मनगटावर टाचण्या चिकटवायची चुंबकाची पट्टी होती. अंघोळ झाली की चढवायची, झोपताना उतरवायची. आहे हेही आता जाणवत नसे. त्या लॅपटॉपपाशी आल्या. कुठेही न टेकता नुसतं मनगट त्याच्या कोपऱ्यावरून फिरवलं. काळोख. मागे घेतलं, उजेड. पट्टी काढून ठेवली आणि दोन्ही हात ऐसपैस टेकवले. उजेड तसाच.

काकूंनी पट्टीचं सांगितलं, तशी फोनवर लेक हसत सुटली. "अगं आई, झाकणात बारकं चुंबक असतं. ते जवळ आलं की लॅपटॉपला वाटतं झाकण मिटलं, म्हणून तो पडदा विझवतो. तू मनगटावर दुसरं झाकणच घेऊन फिरतेयस."

"काखेत कळसा," काका म्हणाले.

"आणि गावाला वळसा तुम्ही घातलात," काकू म्हणाल्या.

चारला वर्ग सुरू झाला. पडद्यावरच्या एका चौकटीतली बाई पहिल्याच मिनिटाला कुरकुरली, "काकू, माझं मशीनच बिघडलंय. टाका सोडतंय."

वाकड्या अंगणाची म्हण काकूंच्या अगदी ओठांवर आली होती. ती त्यांनी गिळली.

"मशीनचं नंतर बघू. आधी सगळ्यांनी हात दाखवा. हे बघा, मीही दाखवते." त्यांनी डावं मनगट वर केलं. पट्टीचा फिकट वळ त्यावर स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी दिवसभराची फजिती तिखटमीठ लावून सांगितली. सगळ्या चौकटी हसायला लागल्या, आणि कुरकुरणाऱ्या बाईनं गुपचूप कापडावरचा हात सैल केला.

वर्ग संपल्यावर काका नेहमीसारखे मशीनवर खोळ घालायला गेले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "उद्या परत लागणार आहे."