गैरहजर फॅन्शॉची बाजू

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनला एक जाडजूड निर्देशिका निघते. शहरातल्या नामांकित बॅरिस्टरांची आणि त्यांच्या चेंबर्सची, म्हणजे सामायिक कचेऱ्यांची, तीत श्रेणीवार वर्गवारी असते. दिवाणी फसवणुकीच्या कायद्याला तीत स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचताना मला एकाच गोष्टीचे नवल वाटत आले आहे. माणसाने स्वतःलाच दिलेल्या प्रमाणपत्राला कवडीचीही किंमत नसते, हे न्यायाधीशांना पटवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, तीच माणसे दर हिवाळ्यात दार लावून बसतात आणि स्वतःची प्रशस्ती स्वतःच लिहून पाठवतात. पुढे ती छापून आली की चकितही होतात.

आमचे चेंबर्स, म्हणजे क्विल कोर्टमधले पाच नंबर, या निर्देशिकेच्या दुसऱ्या श्रेणीत सुखाने नांदत होते. माझ्याविषयी तीत एकच वाक्य असे: ‘ट्रेगार्थन यांची उलटतपासणी म्हणजे जानेवारीत उघडी राहिलेली खिडकी.’ ते मी लिहिलेले नव्हते, म्हणून मला आवडत असे.

ऑबरी फॅन्शॉला मात्र दुसरी श्रेणी झोपू देत नव्हती. फॅन्शॉ देखणा होता, हुशार होता, आणि ज्येष्ठ वकिलांचा रेशमी झगा त्याला वेळेच्या बराच आधी मिळाला होता. त्याने एक सल्लागार नेमला. सल्लागाराने पुष्कळ संशोधन करून असा शोध लावला की आमच्या इमारतीला ओल्या छत्र्यांचा वास येतो, आमच्या खुर्च्या एकमेकींच्या नात्यातल्या नाहीत, आणि शुक्रवारच्या बैठकीला निर्देशिकेत एकही गुण मिळत नाही.

शुक्रवारची बैठक ही आमच्या संस्थापकाने घालून दिलेली रीत. दुपारी तळमजल्यावरच्या खोलीचे दार उघडे ठेवायचे. फसवला गेलेला कोणीही आत येऊन बसू शकतो. त्याला चहा मिळतो, आल्याची बिस्किटे मिळतात, आणि आमच्यापैकी एकजण फी न घेता त्याचे ऐकून घेतो. येणारे बहुधा उतारवयातले असतात. कोणी नसलेल्या धरणाचे शेअर घेतलेले असतात, कोणी नसलेल्या ॲडमिरलशी लग्न ठरवलेले असते. गेली अनेक वर्षे ज्युडिथ ओपोकू ही बैठक चालवत होती. तीही रेशमी झग्याची, आणि माझ्या माहितीत तरी, न्यायाधीशाला शाळकरी मुलासारखे सरळ बसायला लावणारी एकमेव वकील.

त्या वर्षी आमचे प्रमुख न्यायाधीश होऊन गेले आणि जागा रिकामी झाली. उमेदवार दोन: फॅन्शॉ आणि ज्युडिथ. फॅन्शॉ आला तर चेंबर्स लिव्हरपूल स्ट्रीटजवळच्या काचेच्या मनोऱ्यात जाणार आणि शुक्रवारचे दार बंद होणार. ज्युडिथ आली तर ते उघडे राहणार. प्रश्न एवढाच होता, आणि एवढ्या सरळ प्रश्नावर पंचवीस वकिलांनी दोन महिने कुजबुज केली.

जूनच्या अखेरीस एका गुरुवारी ग्रंथालयात सभा भरली. ज्युडिथचे नाव मी सुचवणार होतो. माझ्या खिशात फॅन्शॉविरुद्धचे भाषण होते. कित्येक आठवडे मी त्याला धार लावली होती. तेवढ्यात बॅरी पॉट्स आत आला. बॅरी आमचा मुख्य क्लार्क. कोणते काम कोणाला द्यायचे हे तो ठरवतो, म्हणून आम्ही न्यायाधीशांपेक्षा त्याला जास्त वचकून असतो.

“फॅन्शॉ साहेब अडकलेत,” तो म्हणाला. “गर्न्सीला धुकं आहे, विमान उडेना. आता म्हणे बोटीत बसलेत. समुद्रावर फोन लागत नाहीये. सभा पुढे ढकलायची का?”

“का ढकलायची?” मी म्हणालो. “तारीख त्याला माहीत होती. आणि त्या बेटावर धुकं काही आज पहिल्यांदा पडलेलं नाही.”

अध्यक्षस्थानी डेम ऑनोरा ब्लाइथ होत्या. ब्लाइथबाई न्यायाधीशपदावरून निवृत्त होऊन पुन्हा आमच्यात येऊन बसल्या होत्या, वय चौऱ्याऐंशी. त्या डोळे मिटून ऐकत. त्यांना झोप लागली आहे असे समजून बोलणाऱ्यांचे आजवर पुष्कळ नुकसान झालेले आहे.

“हरकत नाही, ट्रेगार्थन,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “बोल तू. पण माणूस गैरहजर आहे. तेव्हा नेहमीचं बंधन लागू.”

पूर्ण प्रकटीकरणाचे हे बंधन आमच्या व्यवसायाचा कणा आहे. ठकाने पैसा देशाबाहेर पळवू नये म्हणून आम्हांला त्याला न कळवता न्यायाधीशापुढे जावे लागते आणि त्याची खाती गोठवून घ्यावी लागतात. तो तिथे नसतो. म्हणून तो असता तर जे जे बोलला असता ते सारे आपणच, आपल्याच अशिलाविरुद्ध, पुऱ्या ताकदीने सांगायचे. एक मुद्दा जरी दडवला, तरी मिळालेला हुकूम रद्द होतो आणि वकिलाचे नाव कायमचे जाते.

“ही निवडणूक आहे, बाई. खटला नाही,” मी म्हणालो.

“गैरहजर माणूस दोन्हीकडे सारखाच गैरहजर असतो.”

“भोग आता,” शेजारून ज्युडिथ पुटपुटली. “तुलाच घाई होती ना.”

मी उठलो. खिशातले भाषण मी चांगलेच केले असावे; पहिल्या रांगेतले दोघे वह्यांत काही टिपून घेत होते. मग मी पाणी प्यालो आणि दुसऱ्या बाजूकडे वळलो.

“फॅन्शॉ इथे असता तर म्हणाला असता,” मी सुरुवात केली, “की या जुन्या दगडांवर आपण प्रेम करतो, कारण ते आपल्याला परवडतं. वरच्या मजल्यावरच्या नव्या वकिलांना मोठी कामं मिळत नाहीत. मोठी कामं देणारे लोक निर्देशिका उघडतात आणि पहिल्या श्रेणीपाशीच थांबतात. निर्देशिका मूर्खपणाची असेल. पण त्या मूर्खपणाची किंमत आपण मोजत नाही, ती मुलं मोजतात.”

वरच्या मजल्यावरची मुले सरळ होऊन बसली.

“तो म्हणाला असता, की शुक्रवारच्या खोलीपुढे तीन उंच पायऱ्या आहेत. चाकांच्या खुर्चीतला माणूस आत येऊच शकत नाही, आणि तरीही हे दार सगळ्यांना उघडं आहे असं आपण अभिमानाने सांगतो. त्या माणसाला हे कळवावं असं आपल्यापैकी कोणालाही कधी वाटलं नाही. आठवड्यातली एक दुपार हे दान नव्हे, ती आपली सवय आहे. त्याने बरं वाटतं ते मुख्यतः आपल्याला. फसलेल्या माणसांची खरोखर काळजी असेल, तर त्यांना रुंद दार हवं, लिफ्ट हवी, आणि रोज बसणारा माणूस हवा. ते इथे आजवर झालेलं नाही. तिथे होऊ शकतं.”

थांबावे हे कळत होते. थांबता येत नव्हते. अर्धवट प्रकटीकरण हा आमच्यात गुन्ह्याच्या जवळचा प्रकार मानतात. छपराची गळती राहिली होती, ती सांगितली. फॅन्शॉच्या वडिलांचे इथेच काम करताना फुप्फुस बिघडले, हेही सांगितले. ते फॅन्शॉला स्वतःला सुचले असते की नाही, मला शंका आहे. मी खाली बसलो तेव्हा खोलीतली हवा बदललेली होती, आणि ती बदलण्याचे काम मी फार मन लावून केले होते.

हात वर झाले. फॅन्शॉ भरघोस मतांनी निवडून आला. ज्युडिथसाठी हात वर करताना मीसुद्धा क्षणभर घुटमळलो.

“साहेब,” बॅरी खुर्च्या सरकवत म्हणाला, “फॅन्शॉ साहेब स्वतः असते ना, तर एवढं चांगलं बोलले नसते.”

“पुढच्या वेळी तू माझ्या विरोधात उभा राहा, ट्रेगार्थन,” ज्युडिथ कोट घालत म्हणाली. “म्हणजे मी हमखास निवडून येईन.”

“एकतर्फी निकाल आहे, तेव्हा तात्पुरता,” ब्लाइथबाईंनी जाहीर केले. “फेरसुनावणी सोमवारी. फॅन्शॉ येईल, स्वतःच्या तोंडाने बोलेल, आणि मग पुन्हा मतदान घेऊन आपण तो कायम करू.” गोठवणीच्या हुकुमांची पद्धत तशीच असते; सोमवारचा सगळा कार्यक्रम उपचारापुरता आहे, याविषयी कोणालाच शंका नव्हती.

शुक्रवारी मी ज्युडिथची माफी मागायला तळमजल्यावर गेलो. तिने माझे पुरते ऐकूनही घेतले नाही.

“माफी राहू दे. मला कोर्टात जायचंय. बस तिथे, आणि बिस्किटं तू संपवू नकोस.”

थोड्या वेळाने पर्सी गॅमन नावाचे गृहस्थ मार्गेटहून आले. पियानोचे सूर लावण्याचा त्यांचा व्यवसाय. एका नौदल अधिकाऱ्याच्या विधवेशी त्यांची पत्रमैत्री जुळली होती. तिच्याकडे एक अप्रतिम जुना पियानो होता, तो लिस्बनच्या बंदरात अडकला होता, आणि तो सोडवून आणण्यासाठी गॅमन यांनी आपली बचत पाठवली होती. विधवा नव्हती. पियानोही नव्हता. त्यांना पियानोचे दुःख अधिक आहे असे माझ्या लक्षात आले.

पत्रांचा गठ्ठा टेबलावर ठेवून ते म्हणाले, “हसू नका, एवढंच. मुलगी हसली. बँकेतली बाई हसली. पोलीस खोकला आल्याचं नाटक करून बाहेर गेला.”

मी सगळी पत्रे वाचली. पियानोच्या खालच्या पट्टीतला एक सूर दमट हवेत जरा उतरतो, अशी तक्रार त्या न जन्मलेल्या बाईने तिसऱ्या पत्रात केली होती.

“कारागिरी उत्तम आहे, मिस्टर गॅमन,” मी म्हणालो. “या तिसऱ्या पत्रापर्यंत मीही गेलो असतो.”

“उतरलेल्या सुरापर्यंत?”

“उतरलेल्या सुरापर्यंत नक्की.”

त्यांनी सुस्कारा सोडला आणि पहिल्यांदाच बिस्किटाकडे हात नेला. पैसा परत मिळण्याची आशा थोडीच होती. तसे मी सांगितले, आणि बँकेविरुद्ध काय करता येईल तेही सांगितले. जाताना ते आले त्यापेक्षा थोडे उंच दिसत होते. गुरुवारी मी सगळे मुद्दे मांडले होते, हा एक सोडून.

सोमवारी फॅन्शॉ आला. समुद्राच्या वाऱ्याने त्याचा चेहरा लाल झाला होता आणि निकालाने तो उजळला होता. आत येताच त्याने एकेकाशी हस्तांदोलन करायला सुरुवात केली. हा सल्लागाराचा उपदेश असणार. बॅरिस्टर एकमेकांचा हात हातात घेत नाहीत. आपसात विश्वास आहे हे गृहीत धरण्याची ती आमची जुनी रीत. पंचवीस माणसे आपापले हात कुठे ठेवावेत या विवंचनेत पडली. ब्लाइथबाईंनी त्याच्या पुढे आलेल्या हाताकडे चुकीच्या पत्त्यावर आलेल्या टपालाकडे पाहावे तसे पाहिले.

मग त्याने भिंतीवर चित्रे दाखवली. काचेचा मनोरा होता, एकमेकींच्या नात्यातल्या खुर्च्या होत्या, आणि एक बाण होता, तो सतत वर जात होता. छपराचा उल्लेख नव्हता. वडिलांचा नव्हता.

वरच्या मजल्यावरच्या एका तरुण वकील मुलीने हात वर केला. “सर, आणि ते रुंद दार? रोज बसणारा माणूस?”

“कसलं दार?”

“फसवलेल्या लोकांसाठी. ट्रेगार्थन सर म्हणाले, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, की तिथे ते होऊ शकतं.”

फॅन्शॉ हसला. त्याचे हसू मोकळे होते, त्यात कपट मुळीच नव्हते.

“ते शुक्रवारवाले? अगं, नसलेल्या बायकांना जे पैसे पाठवतात त्यांना आपण काय देणार, अक्कल? निर्देशिकेत त्याला भोपळा मिळतो. खोलीचं भाडं भरा, वर बिस्किटं भरवा.”

आणि बाकीचे हसतील म्हणून तो थांबला.

तो आता हजर होता. त्याची बाजू मांडण्याचे बंधन त्याच्याकडे परत गेले होते.

“ट्रेगार्थन,” डोळे मिटूनच ब्लाइथबाई म्हणाल्या, “उत्तर द्यायचंय?”

“नाही, बाई. फॅन्शॉने पूर्ण प्रकटीकरण केलं आहे.”

पुन्हा हात वर झाले. वरचा मजला सगळ्यांत आधी. फॅन्शॉला त्याचे स्वतःचे मत मिळाले, आणि त्याच्या चुलतभावाचे. तेही जरा उशिरा.

“पण गुरुवारी तर सगळे माझ्या बाजूने होते,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरेखुरे आश्चर्य होते, आणि त्या क्षणी मला तो जवळजवळ आवडला.

“तेव्हा तुम्ही नव्हतात ना, साहेब,” बॅरी म्हणाला.

शरद ऋतूत फॅन्शॉ आपल्या चित्रांसकट एका काचेच्या मनोऱ्यात निघून गेला. तिथे तो पहिल्या श्रेणीत आहे आणि मजेत आहे. रस्त्यात भेटला की हात पुढे करतो. आम्ही दुसऱ्या श्रेणीतच राहिलो. ऑक्टोबरच्या निर्देशिकेत माझे खिडकीचे वाक्य मात्र बदलले होते: ‘गैरहजर प्रतिपक्षाला याहून चांगला वकील मिळणे कठीण.’ कोणी पाठवले, हे बॅरी अजून सांगत नाही.

प्रमुख झाल्यावर ज्युडिथने पहिले काम केले ते सुतार बोलावण्याचे. तीन पायऱ्यांवर लाकडी उतार बसला. मग तिने मला खोलीत बोलावले.

“तुझा युक्तिवाद बरोबर होता,” ती म्हणाली. “एक दुपार पुरत नाही. आता मंगळवारीही दार उघडं राहील.”

“छान.”

“आणि गुरुवारची सुनावणी तू माझ्यासाठी हरलास. हरणाऱ्याने खर्च द्यायचा असतो. मंगळवार तुझे. बिस्किटंही तुझी.”

“कधीपर्यंत?”

“पुढचा हुकूम होईपर्यंत.”

पहिल्या मंगळवारी उतारावरून सर्वांत आधी वर आल्या त्या ब्लाइथबाई. हातात काठी होती. वर पोचल्यावर त्यांनी मागे वळून त्या फळ्यांकडे समाधानाने पाहिले.

“या पायऱ्यांविरुद्ध मी चाळीस वर्षं दाद मागतेय,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “कोणी माझी बाजूच मांडत नव्हतं. बिस्किटं कुठं आहेत?”